मे महिन्याची गर्दी आधीच ठरलेली असते : नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
नागरी विमान वाहतूक मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : उन्हाळी सुट्टीत मुले व ज्येष्ठांसह प्रवास करणाऱ्या कुटुंबांसाठी सुरक्षा तपासणीची स्वतंत्र रांग सुरू करण्याबाबत.

महोदय, सविनय नमस्कार.

मी ठाण्यातील एका मराठी शाळेत शिक्षिका आहे. मे महिन्याच्या आरंभी शाळा बंद होणार आणि जूनच्या मध्याला पुन्हा भरणार, हे आमच्याकडे शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांना वर्षभर आधी ठाऊक असते. विमान कंपन्यांनाही ते ठाऊक असते, म्हणून त्या दिवसांची भाडी कितीतरी आधीपासून चढलेली दिसतात. ज्या गर्दीचे दर महिनोन्महिने आधी ठरवता येतात, तिच्यासाठी लागणाऱ्या रांगा, माणसे आणि बसायच्या जागाही आधी ठरवता आल्या पाहिजेत, एवढेच मागणे घेऊन मी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या मे महिन्यात माझे यजमान, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा, चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि मी असे पाच जण हिमाचलची सहल आटोपून परतत होतो. तेथील विमानतळाचे नाव मी घेत नाही, कारण जे घडले ते देशातील कोणत्याही गजबजलेल्या विमानतळावर घडू शकते. सुरक्षा तपासणीला पोहोचताच आमच्या कुटुंबाचे दोन भाग झाले. पुरुषांची अंगतपासणी उघड्यावर होते. स्त्रियांची पडद्याआड आणि महिला जवानांकडून होते, आणि ती तशीच झाली पाहिजे. परंतु स्त्रियांसाठीचे कक्ष कमी होते आणि लहान मुले बहुधा आईबरोबरच राहतात, त्यामुळे ज्या रांगेत कडेवरची बाळे, बांगड्या, दुधाच्या बाटल्या आणि गुडघे धरलेल्या आज्या होत्या, तीच रांग सर्वांत हळू सरकत होती. यजमान दहा मिनिटांत पलीकडे गेले आणि नियमानुसार त्यांना मागे येता येईना.

सासूबाईंची काठी यंत्रातून तपासण्यासाठी ट्रेमध्ये ठेवावी लागली. पलीकडच्या बाजूला ट्रे साचले आणि पट्टा थांबला. काठी परत मिळेपर्यंत त्या माझ्या खांद्याला धरून उभ्या होत्या, मुलगा रडत होता, आणि आपली बॅग शोधण्यासाठी पुढे गेलेली मुलगी काही क्षण दिसेनाशी झाली. मुलगी बाबांजवळच उभी होती, पण ते कळेपर्यंतचे क्षण मी विसरलेले नाही. तेथे कोणीही आमच्याशी उद्धटपणे वागले नाही, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. एका महिला जवानाने तर स्वतःची खुर्ची सासूबाईंना आणून दिली. तिच्या मनाचा मोठेपणा आमच्या वाट्याला आला. परंतु खुर्ची तेथे आधीच असायला हवी होती.

विमानतळावरील तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान करतात आणि ते गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, याची मला कल्पना आहे. मात्र तपासणी कशी व्हावी याचे निकष ठरवणारा नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो आपल्या मंत्रालयाखाली आहे, म्हणून ही विनंती आपल्याकडे करीत आहे. तपासणीत सवलत द्यावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. बारा वर्षांखालील मुले आणि सत्तरीपुढील ज्येष्ठ ज्यांच्यासोबत आहेत, अशा कुटुंबांसाठी किमान १ मे ते १५ जून या काळात स्वतंत्र रांग असावी. त्या रांगेला स्त्रियांचे तपासणी कक्ष आणि महिला जवान वाढवून द्यावेत. कुटुंबातील सर्वांना एकाच वेळी आत घेऊन एकाच ठिकाणी बाहेर सोडावे. आणि ज्यांची काठी यंत्रात जाते त्यांना ती परत मिळेपर्यंत हाती धरायला दुसरी काठी अथवा बसायला खुर्ची द्यावी. चेहरा ओळखून आत सोडणाऱ्या डिजियात्रा सुविधेमुळे प्रवेशद्वारावरचा वेळ वाचतो, पण अंगाची आणि सामानाची तपासणी प्रत्येकाची करावीच लागते, आणि कुटुंबांची खरी कोंडी होते ती तेथेच.

यासाठी कोणतेही नवे तत्त्व मांडावे लागणार नाही. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला सोबतच्या किमान एका पालकाशेजारी आसन द्यावे, असा निर्देश नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना दिला. मूल आणि पालक विमानात एकत्र असावेत हे मान्य असेल, तर विमानापर्यंतच्या वाटेवरही ते एकत्र असावेत. त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरक्षा ब्युरोने विमान उतरल्यापासून ३० मिनिटांच्या आत सर्व सामान पट्ट्यावर आणण्याची मर्यादा कंपन्यांना घालून दिली. सामान किती वेळात यावे हे मोजता येते, तसे माणूस तपासणीच्या रांगेत किती वेळ उभा राहतो हेही मोजता येईल आणि प्रवेशद्वाराशी फलकावर दाखवता येईल.

आमच्या मुंबईपुरते पाहिले तर आधी आखणी करण्याचा उत्तम नमुना समोरच आहे. सहार-सांताक्रूझच्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीसाठी त्या मे महिन्यात एक दिवस सकाळी ११ ते सायंकाळी ५ पर्यंत बंद ठेवल्या जातात. २०२४ मध्ये हे काम ९ मे रोजी आणि २०२५ मध्ये ८ मे रोजी झाले. त्याची सूचना कितीतरी आधी निघते आणि त्याप्रमाणे उड्डाणांची वेळापत्रके बसवली जातात. धावपट्टीसाठी जी दूरदृष्टी दाखवली जाते, ती त्याच महिन्यात तेथून जाणाऱ्या आजी-आजोबा आणि नातवंडांसाठीही दाखवली जावी.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. वर्षाला २ कोटी प्रवाशांची क्षमता असलेल्या या पहिल्या टप्प्याचे आम्हा ठाणेकरांना मनापासून अप्रूप आहे, आणि येता मे महिना हा त्याचा पहिला उन्हाळा असेल. तेथे अजून सवयी पडलेल्या नाहीत, म्हणून कुटुंबांची रांग तेथून सुरू करणे सर्वांत सोपे जाईल. मात्र मुंबई विमानतळाची सहार व सांताक्रूझ ही दोन टर्मिनल आणि नवी मुंबईचे उलवे अशा तीन ठिकाणांपैकी नेमके कोठे जायचे, हे तिकिटावर आणि मोबाइलवरील संदेशात मराठीत ठळकपणे लिहिलेले असावे. ज्यांना केवळ ‘मुंबई’ हा शब्द ओळखीचा आहे, त्यांच्यासाठी विमानतळांच्या तीन अक्षरी संकेतांमधला फरक पुरेसा नाही. घोडबंदर रस्त्यावरून सामानासह चुकीच्या दिशेला निघालेल्या कुटुंबाला वेळेत दुसरीकडे पोहोचणे जवळजवळ अशक्य आहे.

त्याच संदेशात सामानाविषयीच्या सूचनाही मराठीत आल्या तर तपासणीचा बराच खोळंबा टळेल. सुक्या खोबऱ्यातील तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून २०२२ पासून ते विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ठेवता येत नाही; याउलट पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी लागते. आमच्या घरांतून गावी किंवा नातलगांकडे जाताना खोबऱ्याच्या वाट्या बांधून देण्याची रीत आहे आणि बहुतेकांना हा नियम बॅग उघडली जाते तेव्हाच कळतो. एक बॅग उघडली की मागचे चाळीस जण थांबतात. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून अधिक उशीर झाल्यास वेळेवर आलेल्या प्रवाशांना खाणेपिणे देणे विमान कंपनीवर बंधनकारक आहे, हेही बोर्डिंग गेटजवळ मराठीत लिहिलेले असावे, कारण भुकेल्या मुलाला घेऊन बसलेली आई ते मागायलाच संकोचते.

सासूबाई येत्या मे महिन्यात माझ्या दिरांकडे बंगळुरूला जाणार आहेत. तिकीट काढायचे का, असे मी विचारले तेव्हा त्यांनी आधी काठीचे विचारले. त्यांना काय उत्तर द्यावे, हे आपल्या मंत्रालयाकडून एप्रिल संपण्यापूर्वी कळावे, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका,
घोडबंदर रस्ता, ठाणे (पश्चिम)