चि. अमोल यास

कोल्हापूर

चि. अमोल यास अनेक आशीर्वाद.

अग्निशमन दलाच्या जलबचाव पथकात निवड झाल्याचे तू परवा फोनवर सांगितलेस आणि मी लगेच दोराची चौकशी सुरू केली, तेव्हा 'आबा, नंतर बोलू' म्हणून तू फोन ठेवलास. त्याचा राग नाही. पत्र लिहिताना मध्येच कोणी फोन ठेवत नाही, म्हणून लिहितो आहे. तुझ्या आईने अंबाबाईची ओटी भरली आणि गल्लीभर पेढे वाटले. सुमनच्या घरीसुद्धा दिले, यावरून काय ते ओळख.

नोकरीभर मी पंचगंगेची पातळी वाचली. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आकडे तू पाढ्यांबरोबरच पाठ केलेस, आणि मच्छिंद्री झाली, म्हणजे पुराचे पाणी शिवाजी पुलाच्या ठरलेल्या खुणेला टेकले, की तिकडे जायचा हट्ट धरायचास. 2019 साली पाणी 55 फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, चिखली आणि आंबेवाडीची माणसे बोटींतून काढावी लागली. तालमीतल्या पोरांबरोबर तू रबरी बोटी ओढायला गेलास आणि चिखलाने माखून पहाटे घरी आलास, तेव्हाच तुझे ठरले असावे. मला त्या दिवशी तुझा अभिमान वाटला होता, पण बोललो मात्र ओल्या कपड्यांवरूनच.

आता तू पुण्यात आहेस. खडकवासल्यातून पाणी सोडण्याआधी कळवतात, म्हणून काळजी नको, असे तू म्हणतोस. पण बंधाऱ्यावरून पडणारे पाणी तळाशी जाऊन उलटे फिरते आणि वर आलेल्या वस्तूला पुन्हा पायथ्याकडे ओढते, हे मी इतकी वर्षे डोळ्यांनी पाहिले आहे. वरून नुसता फेस दिसतो. बाभळीचा एक अख्खा ओंडका त्या जागी दुपारभर बुडत होता, वर येत होता, पुन्हा बुडत होता. पुढे काही गेला नाही. तिथे पट्टीचा पोहणाराही स्वतःच्या बळावर सुटत नाही. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो, आणि तुझे दंड तेवढेच राहतात.

म्हणून दोर. आधी काठी पोचते का पाहायचे, मग दोराची पिशवी फेकायची, मग बोट, आणि माणसाने पाण्यात उतरायचे ते सर्वांत शेवटी, हा क्रम तुला शिकवलाच असेल. पण काठावर कोणाची तरी आई ऊर बडवत असते, मोबाईल उंच धरलेली माणसे 'उडी मारा की' म्हणून ओरडत असतात आणि गणवेशात तू एकटाच असतोस. तेव्हा तू थांबशील का, एवढेच मला कळत नाही. वाहत्या पाण्यात तो दोर झटक्यासरशी सुटणाऱ्या पट्ट्यालाच हवा, कमरेला गाठ मारून नव्हे, कारण अडकलेला दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पुन्हा व्याख्यान झाले, माफ कर.

दादूचे तसे झाल्यावर आक्काने तुला विहिरीकडे फिरकू द्यायचे नाही असे बजावले होते. तरी पाठीला डबा बांधून मीच तुला पाण्यात सोडले. तिसऱ्या उन्हाळ्यात तू डबा सोडून थेट मोटेच्या थारोळ्यावरून सूर मारलास आणि वर यायला इतका वेळ लावलास की मी धोतरासह उतरलो. तू पलीकडच्या पायरीवर बसून हसत होतास. आक्काला ते अजून सांगितलेले नाही.

नाही म्हणायलाही शीक. 8 ऑगस्ट 2019 रोजी ब्रह्मनाळला बोट उलटली, तीत पेलवतील त्यापेक्षा जास्त माणसे होती. हात पसरलेल्या माणसाला 'पुढच्या खेपेला' म्हणणे तुला जड जाईल. तू जेवणाच्या पानावरून उठून लोकांच्या गाड्या ढकलायला जाणारा. आणि जो बुडून गेला आहे, त्याच्यासाठी रात्री गढूळ पाण्यात उतरू नकोस. 2016 मध्ये महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला, तेव्हा नौदलाचे पाणबुडे होते, तीनशे किलोचे लोहचुंबक पाण्यात सोडले होते, तरी एसटी सापडायला कितीतरी दिवस लागले. घरचे कितीही रडले तरी अशा शोधाला उजाडेपर्यंत थांबता येते. तळाशी स्वतःचा पंजा दिसत नाही, वरच्याशी बोलायचे ते दोराच्या हिसक्यांनी. आणि घाबरून, टाकीतला श्वास छातीत कोंडून तू भरकन वर आलास तर ती हवा फुगून फुप्फुस फाटते. पुन्हा दोरावरच आलो.

गणपतीत तुला सुट्टी मिळणार नाही, विसर्जनाला घाटावर तुम्हीच असणार, हे आईला समजावले आहे. दसऱ्याला मात्र ये. काठावर तुझा दोर जो धरतो, त्याचे नाव आणि गाव कळव, आणि येताना त्यालाही घेऊन ये. तो मटण खातो की नाही, हे आईने विचारायला सांगितले आहे.

तुझा,
आबा