दाढीच्या साबणाची परीक्षा आपल्या नळाच्या पाण्यात व्हावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

22 सप्टेंबर 2025 पासून दाढीच्या क्रीमवरील वस्तू व सेवा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. त्या निमित्ताने कोणती वस्तू किती स्वस्त होणार, याची चर्चा वृत्तपत्रांतून भरपूर झाली आणि ती ग्राहकांच्या उपयोगाचीही होती. परंतु जी वस्तू असंख्य पुरुष सकाळी उठून थेट चेहऱ्याला लावतात, ती चांगली कशावरून म्हणायची, याविषयी मराठीत सहसा काही वाचायला मिळत नाही. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात साबण बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली. त्या अनुभवाचा आपल्या वाचकांना काही उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बहुतेक ग्राहक दाढीच्या साबणाची पारख फेस किती आला यावरून करतात आणि जाहिरातींतही गालभर फुललेला फेसच दाखवला जातो. वास्तविक फेसाच्या बुडबुड्यांत हवा असते आणि हवेने केस मऊ होत नाहीत. ते मऊ होतात पाण्याने. दाढीचा कोरडा खुंट चांगलाच कडक असतो, पण तोच पुरेसा भिजला की स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी शोषून घेतो, फुगतो आणि पात्याखाली पुष्कळ कमी जोराने कापला जातो. यासाठी त्याला दोन-तीन मिनिटे तरी ओले राहावे लागते. पाणी कोमट असेल तर हे काम लवकर होते. नुसते पाणी चेहऱ्यावर मारले तर ते ओघळून जाते. म्हणून केसांवरचा तेलकट थर काढून पाण्याला वाट करून देणे आणि ते पाणी शेवटचा हात फिरेपर्यंत गालावर धरून ठेवणे, हे साबणाचे खरे काम आहे. त्याच्या जोडीला पाते आणि कातडी यांच्यामध्ये निसरडा थर राखण्याचे कामही त्यालाच करायचे असते. हा थर डोळ्यांना दिसणाऱ्या फेसाच्या खाली असतो. पहिल्या हातात फेस निघून गेल्यावर त्याच जागी ओल्या बोटांनी चाचपून पाहावे. बोट सहज घसरले, तर साबण चांगला आहे. बोट अडकले, तर फेस कितीही उंच आलेला असो, तो साबण चांगला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे गुण कुठून येतात, हे ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या घटकांच्या यादीवरून बरेचसे कळते. सौंदर्यप्रसाधन नियम, 2020 नुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे यादीतील पहिली चार-पाच नावे वाचली तरी पुरते. चांगल्या क्रीममध्ये पाण्याच्या खालोखाल बहुधा स्टिअरिक ॲसिड असते. हे मेदाम्ल पामतेलापासून किंवा प्राणिज चरबीपासून मिळते आणि सुमारे 69 अंश सेल्सिअसला वितळते. त्याच्या साबणाचा फेस सावकाश येतो, परंतु तो बारीक, दाट आणि टिकाऊ असतो. याउलट खोबरेल तेलात ज्याचे प्रमाण सर्वाधिक असते, त्या लॉरिक ॲसिडच्या साबणाचा फेस चटकन आणि भरघोस येतो, पण त्याचे बुडबुडे मोठे असतात आणि ते तितक्याच लवकर विरतात; शिवाय त्याचे प्रमाण वाढले तर कातडी कोरडी पडून ओढल्यासारखी होते. म्हणून जाणकार उत्पादक स्टिअरिक ॲसिड मुख्य ठेवतो आणि फेस लवकर सुरू व्हावा एवढ्यापुरतीच खोबरेलातील मेदाम्ले किंवा मिरिस्टिक ॲसिड घालतो.

अल्कलीची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. अंघोळीची वडी कॉस्टिक सोड्याची, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडची असते. स्टिअरिक ॲसिडचा सोडियम साबण कडक होतो आणि गार पाण्यात जेमतेम विरघळतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरले की तोच साबण मऊ आणि लवकर विरघळणारा होतो. ट्यूबमधले क्रीम त्यामुळे मुख्यतः पोटॅशियमचे असते, तर दाढीच्या चांगल्या गोल वडीत पोटॅशियम आणि सोडियम या दोन्हींचा मेळ घातलेला असतो. अंघोळीच्या साबणावरच दाढी उरकणाऱ्यांचा फेस एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावर वाळतो, तो यामुळेच. त्या वडीवर टीएफएम 76 टक्के छापलेले असले, म्हणजे ती पहिल्या श्रेणीची असली, तरीही फरक पडत नाही, कारण टीएफएमचा आकडा मेदाम्लांचे एकूण प्रमाण सांगतो; ती मेदाम्ले कोणती, हे तो सांगत नाही.

यादीत पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे नाव वाचून काही जण दचकतात. त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण साबण तयार होताना ते मेदाम्लाशी संयोग पावून संपते. उलट चांगल्या क्रीममध्ये मेदाम्ल जाणूनबुजून थोडे जास्त ठेवलेले असते आणि क्रीमवर दिसणारी मोतिया झाक या उरलेल्या स्टिअरिक ॲसिडच्या स्फटिकांमुळे येते. आमच्याकडे साबणाच्या प्रत्येक बॅचचा नमुना कोमट अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात फिनॉल्फथॅलीनचे थेंब टाकले जात. द्रावण गुलाबी झाले की मोकळी अल्कली शिल्लक आहे असे समजायचे आणि ती बॅच पुढे जाऊ द्यायची नाही, हा नियम होता. ही काळजी घेतली तरी साबणाचा फेस मुळातच अल्कधर्मी असतो. त्याचा सामू साधारण 9 ते 10 असतो, तर निरोगी कातडीचा 5 च्या आसपास असतो. म्हणून यादीत ग्लिसरीन वरच्या जागी असणे मी आवश्यक मानतो, कारण ते ओलावा धरून ठेवते आणि दाढीनंतरचा कोरडेपणा कमी करते.

आता ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, तो पाण्याचा. ठाणे शहराला मुख्यतः भातसा आणि उल्हास या नद्यांचे पाणी मिळते आणि नवी मुंबईला मोरबे धरणाचे. हे वाहते-साठलेले पाणी बहुधा सुफेन असते आणि त्यात साधे क्रीमही बरा फेस देते. परंतु घोडबंदर रस्त्यालगतच्या अनेक सोसायट्यांत टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी मिसळले जाते, आणि आपल्याकडच्या काळ्या खडकातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. कॅल्शियमचा प्रत्येक आयन साबणाच्या दोन रेणूंना पकडतो आणि त्यांचा न विरघळणारा साका बनतो. बादलीच्या आतल्या बाजूला आणि वॉश बेसिनच्या कडेला जो पांढरट, चिकट थर बसतो, तो हाच. पाण्यातले क्षार असे भागल्याशिवाय फेस धरतच नाही, म्हणजे ट्यूबमधून निघालेल्या साबणाचा एक भाग दाढी सुरू होण्यापूर्वीच वाया जातो. जी व्यक्ती नौपाड्यात राहत असताना एखाद्या क्रीमवर खूश होती, तीच कासारवडवलीला राहायला गेल्यावर कंपनीने माल बिघडवला अशी तक्रार करते. माझ्या परिचयातील काहींनी अशी तक्रार केली तेव्हा मी त्यांना पिण्यासाठी साठवलेले महापालिकेचे पाणी तांब्याभर घेऊन दाढी करायला सांगितले आणि त्यांचे जुने क्रीम पुन्हा पहिल्यासारखा फेस देऊ लागले. ज्यांना रोज असे करणे शक्य नाही, त्यांनी घटकांच्या यादीत टेट्रासोडियम ईडीटीए किंवा डायसोडियम ईडीटीए आहे का ते पाहावे. हा घटक थोड्या प्रमाणातच असतो, पण काही कॅल्शियमला बांधून ठेवतो आणि तेवढा साबण वाचतो.

साबण कितीही उत्तम असला तरी त्यात पाणी नीट मुरवावे लागते. कोपरखैरण्याच्या एका जुन्या सलूनमधील कारागीर हे काम कसे करतात, ते पाहण्यासारखे आहे. ते ब्रश पाण्यात बुडवून झटकतात, जेमतेम ग्रॅमभर क्रीम गालावर ठेवून ब्रश गोल फिरवतात, आणि फेस पांढरा झाला तरी थांबत नाहीत. ब्रशचे टोक पुन्हा पाण्याला टेकवतात आणि पुन्हा फिरवतात. असे दोन-तीनदा केल्यावर आधी कोरडा, भुसभुशीत दिसणारा फेस फेटलेल्या दह्यासारखा चकचकीत होतो आणि तेव्हाच ते वस्तऱ्याला हात घालतात. चांगल्या साबणाची हीच खूण आहे की तो असे वाढीव पाणी सामावून घेतो. हलक्या साबणाचा फेस दुसऱ्यांदा पाणी मिळताच पातळ होऊन गळ्यावर ओघळतो. सलूनचा विषय निघालाच आहे तर एक सांगितले पाहिजे. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लावण्याची पद्धत आता सर्वत्र रुळली आहे, परंतु ब्रश मात्र सगळ्यांना एकच असतो. तो दर वेळी गरम पाण्याने स्वच्छ धुऊन घेण्याचा आग्रह आपण गिऱ्हाइकांनी धरायला हवा.

दाबून फेस निघणाऱ्या डब्यांविषयी थोडक्यात लिहितो. त्यांत साबणाचे पाणी आणि ब्युटेन-प्रोपेनसारखे वायू दाबाखाली भरलेले असतात. बोटांनी लावल्यावर फुगणाऱ्या जेलमध्ये आयसोपेंटेन असते. ते सुमारे 28 अंशांना उकळत असल्यामुळे कातडीच्या उबेनेच त्याचा फेस होतो. घाईच्या वेळी आणि प्रवासात हे सोयीचे आहे यात शंका नाही. परंतु तयार फेसात पाण्याचे प्रमाण ठरून गेलेले असते, ते आपल्या दाढीप्रमाणे वाढवता येत नाही, आणि राठ दाढीला तो अपुरा पडतो. मेंथॉलमुळे गार वाटते, कारण ते कातडीतील थंडी जाणवणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. केस मऊ होण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. सुगंध तर केवळ आवडीचा भाग आहे, आणि ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांनी कमीत कमी वासाचे क्रीम घ्यावे. बारीकशी कापाकापी झाल्यास तुरटीचा ओला खडा फिरवला की रक्त थांबते, तेवढ्यासाठी महागड्या लोशनची गरज पडत नाही.

आपल्याकडे माझी विनंती अशी आहे की दाढीच्या क्रीमची तुलनात्मक चाचणी स्थानिक पाण्यात व्हावी, यासाठी आपल्या दैनिकाने पुढाकार घ्यावा. मुंबई ग्राहक पंचायतीसारखी 1975 पासून कार्यरत असलेली संस्था आणि ठाण्यातील एखाद्या महाविद्यालयाचा रसायनशास्त्र विभाग यांनी मनावर घेतले, तर हे काम फारसे खर्चिक नाही. भातशाचे, मोरब्याचे आणि घोडबंदरच्या बोअरवेलचे असे तीन प्रकारचे पाणी घ्यावे आणि त्यांची कठीणता, म्हणजे त्यांतील कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे प्रमाण, आधी मोजावी. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरमागे 200 मिलिग्रॅम ही स्वीकार्य आणि 600 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ठरवलेली आहे. त्या तुलनेत आपले पाणी कुठे बसते, हेही त्यातून कळेल. मग प्रत्येक क्रीमचे सारखे वजन सारख्या पाण्यात फेसाळून, फेस सुरुवातीला किती होता, पाच मिनिटांनी किती उरला आणि त्यातून खाली किती पाणी गळाले, याची नोंद करावी. यातला शेवटचा आकडा सर्वांत बोलका ठरेल, कारण जे पाणी भांड्यात गळाले ते गालावर टिकले नसते. कठीणता मोजण्याचे ईडीटीए टायट्रेशन मी नोकरीत नित्य करत असे. असा उपक्रम ठरल्यास ते काम मी विनामोबदला आणि आनंदाने करीन.

आपला,
साबण उद्योगातील एक निवृत्त रसायनतज्ज्ञ
नौपाडा, ठाणे (पश्चिम)