चिनूला खरं सांगितलं

ती. बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर जमलं नसतं. आई 'थांब, गॅसवर दूध आहे' म्हणत उठली असती आणि बाबा, तुम्ही 'बरं, बरं' करून फोन तिच्या हातात दिला असता. म्हणून पत्र. तुम्हीच मोठ्याने वाचा, आईने अजून चष्मा बदललेला नाही हे मला ठाऊक आहे.

आधी सांगूनच टाकते. मागच्या रविवारी मी मिरजेला गेले होते. वहिनीने आणि मी मिळून चिनूला दादाचं खरं सांगितलं.

रागावू नका. म्हणजे रागवा, पण पुढचं वाचून मग. शाळेत कुणीतरी आधीच त्याला बोललं होतं. आठ दिवस तो ते पोटात घेऊन बसला आणि मग वहिनीला म्हणाला, "हार्ट अटॅक आला तर पोलीस कशाला येतात?" अकरा वर्षांच्या पोराला यावर काय सांगायचं होतं? ते हार्ट अटॅकचं आपण लोकांसाठी ठरवलं होतं, त्याच्यासाठी नव्हे. ठरवताना मीही मान डोलावली होती, ते मी विसरलेले नाही. तेव्हा कुणालाच काही सुचत नव्हतं.

सांगितलं ते एवढंच, की त्याच्या बाबाच्या मनाचा आजार फार वाढला होता, त्यात त्याला काही दिसेनासं झालं आणि त्याने स्वतःचा जीव घेतला. कसं, कुठे, त्यातलं काही नाही. तो बराच वेळ सतरंजीचा एक दोरा नखाने उसवत राहिला. मग विचारलं, "मी त्या दिवशी गणिताच्या पेपरवर सही मागितली, म्हणून नाही ना?" आई, वर्षभर तो हे एकटा घेऊन फिरत होता गं.

हे सगळं मला आपोआप सुचलेलं नाही. मार्चपासून मी पुण्यात एका गटात जाते. ज्यांच्या घरातलं कुणी असं गेलं, त्यांचाच गट. महिन्यातून एकदा जमतो. तिथे कुणी 'देवाची इच्छा' म्हणत नाही, कुणी 'आता सावरा' म्हणत नाही. बोलायचं नसेल तर नुसतं बसायचं. तिथलं बोलणं बाहेर जात नाही. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका येतात, त्यांची मुलगी गेली. पहिले चार महिने ते फक्त सगळ्यांचे चहाचे कप उचलायचे. मला तुम्हीच दिसलात, बाबा.

तिथे 'आत्महत्या केली' असं सहसा कुणी म्हणत नाही. त्या शब्दातच हत्या आहे, मग मागे राहिलेले गुन्हेगारासारखे वागायला लागतात. तुमचा आवाज नाही का खाली येतो? २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातसुद्धा असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलंय, त्याला शिक्षा करायची नाही. आणि इथे आपण प्रीतिसंगमावर फिरायला जाणंही सोडलंय, कुणी भेटेल म्हणून.

तुम्ही जन्मभर आकडे तपासलेत, तर हाही पाहा. २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसं अशी गेली, त्यातली २२,७४६ आपल्या महाराष्ट्रात. सरकारचाच आकडा आहे. तितक्या घरांतून किती ठिकाणी हार्ट अटॅक सांगितला असेल?

दादाच्या त्या रात्रीच्या फोनचं मला माहीत आहे. 'बातम्या संपल्या की करतो' म्हणालात, एवढंच. मलाही त्याचा मेसेज होता, "चिमे, जागी आहेस का?" मी पाहिला आणि उद्या बोलू म्हणून झोपले. एका फोनने कुणी जात नाही, आणि एका फोनने राहिलाच असता असंही कुणी सांगू शकत नाही, हे मी गटात पन्नासदा ऐकलंय. मला ते दर वेळी पटतं असं नाही. पण मंगळवारी पटलं नाही तरी बुधवारी पटतं, इतपत आलंय.

आता ऐका. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तुम्ही दोघं माझ्याबरोबर येणार आहात. नावं दिली आहेत. शनिवारी सकाळच्या एसटीने निघा, स्वारगेटला मी उभी असेन. हॉल तळमजल्यावर आहे, खुर्च्यांना पाठ आहे, बाथरूम शेजारीच. घरी कमोड बसवून घेतलाय. आईची चपटी उशी मागच्या वेळी राहिली होती, ती धुऊन ठेवलीय. बाबांचा बिनसाखरेचा चहा सहाला मिळेल, सव्वासहाला नाही. नाहीच आवडलं तर पाचव्या मिनिटाला उठू आणि भेळ खायला जाऊ. पण यायचं.

बीपीची गोळी चुकवू नका. मी पाकीट मोजणार आहे. रात्री तीनला जाग आली तर छताकडे बघत पडू नका, १४४१६ लावा. सरकारची टेली-मानस, २०२२पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मला लावलात तर त्याहून बरं. मी जागीच असते.

दादाची स्कूटर तुम्ही दर रविवारी चालू करून ठेवता, ते आईने सांगितलं. पुढे दादा उभा, मागे मी, आणि तुम्ही ओरडायचात, "चिमे, शर्ट धर, पोट नको, गुदगुल्या होतात." चिनूने विचारलंय, आजोबा ती मला देतील का मोठा झाल्यावर. मी हो म्हणून बसलेय.

तुमची,
चिमी

ता. क. आई, 'घरात असून हिला कळलं नाही' हे तू दुःखाच्या भरात बोललीस, मला माहीत आहे. वहिनीला ते माहीत नाही. तिचा नंबर तोच आहे.