फोटोत मुक्ता नाही

प्रिय सुमे,

तुझं पत्र केव्हाचं उशीखाली पडलंय. रागावली असशील, तर रागाव. तब्येत ठीक, बी.पी.ची गोळी चालू. पुढे.

सासूबाईंची पंचाहत्तरी झाली. सगळ्यांना ओळीत उभं केलं, तर मुक्ताने माझ्या हातातून कॅमेराच घेतला. ‘तू जा त्यांच्यात, मी काढते.’ सगळे म्हणाले, पोरगी आईवर गेली. मला मात्र तू आठवलीस. गॅदरिंगपासून सेंडऑफपर्यंत एका फोटोत तू नाहीस, कारण प्रत्येक फोटो तूच काढलेला! (पन्हाळ्यावर यशिका कॅमेरा पडला तोही तुझ्याच हातून. तू अजून माझं नाव घेतेस, ते असो.)

पोरीचा एक धड फोटो माझ्याकडे नाही. दहावीच्या फॉर्मचा पासपोर्ट तेवढा, त्यातही वजनकाट्यावर उभी केल्यासारखी ताठ.

आणि मी कोण, तर लोकांचं कॅमेऱ्यापुढचं अवघडलेपण घालवून पोट भरणारी बाई. गिऱ्हाइकाला खिडकीशी बसवते, पांढरा पडदा ओढते, म्हणजे उजेड मऊ पडतो आणि डोळ्यांत चमक येते. ८५ मिलिमीटरची, लांबून चेहरा टिपणारी लेन्स लावून चांगली मागे सरकते. ‘हसा’ कधी म्हणत नाही. श्वास सोडायला सांगते, खांदे आपसूक उतरतात. हातांना काहीतरी काम देते. पहिले फोटो वायाच जाणार, हे धरून चालते. नवरीच काय, फौजदारसुद्धा सैल होतात. पोटची पोर होत नाही.

तिचा राग नाकावर आहे. (नाक आमच्याकडचं, हे सासूबाई आल्यागेल्याला सांगतात.) म्हटलं, बाई, फोन जवळ धरलास की नाक फुगणारच. फूटभरावरच्या सेल्फीत ते पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं, असं २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलंय. तर म्हणाली, ‘म्हणजे फुगतं हे तुलाही मान्य आहे.’ वकील होणार ही.

मग आरशाचं सांगितलं. १९७७ च्या एका प्रयोगात मुलींना त्यांचेच दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशात दिसतो तसा उलटा. बहुतेकींना उलटा आवडला, रोजच्या सवयीचा म्हणून. त्यांच्या जवळच्या माणसांना मात्र सरळच आवडला. यावर काय म्हणाली सांगू? ‘आई, तू कॅमेरा धरलास की माझी जवळची राहतच नाहीस. नुसती बघतेस.’

सुमे, लागलं गं ते. धंद्यात मला त्याच बघण्याचे पैसे मिळतात.

आणि तिने काढलेले फोटो पाहा. आजीला विचारलं, ‘बाबांनी सगळ्यात जास्त मार कशासाठी खाल्ला?’ सासूबाई डोळे मिटून, कवळी दिसेपर्यंत हसल्यात. मागे ट्यूबलाइट आलाय, कोपऱ्यात कुणाचं तरी कोपर आलंय. पण इतक्या वर्षांत मला त्यांचा असा फोटो मिळाला नाही. माझ्यापुढे त्या पदर सारखा करून बसतात.

तुझी बदली झाली का? भावजींचा गुडघा? दिवाळीत या दोघं. फोटोचा विषय तिच्यापुढे काढू नकोस. मला एवढंच कळव, तू का लपायचीस? तेव्हा विचारलं की ‘अँगल मलाच कळतो’ म्हणायचीस. आता खरं सांग. आणि उत्तर फोनवर नको, फोन मुक्ताच उचलते.

तुझी,
शैला