विषय : बॅलन्स न झालेला ड्राइव्ह शाफ्ट आणि परत न आलेला जुना शाफ्ट

मालवण तालुका, जि. सिंधुदुर्ग
18 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
शाफ्ट व बॅलन्सिंग विभाग, पुणे

महोदय,

सप्टेंबरात आपल्याकडून बागेतल्या लहान ट्रॅक्टरचा ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे इंजिनची फिरकी मागे नेणारा दांडा, नवा करून, फिरताना थरथरू नये म्हणून बॅलन्स करून घेतला. बिल 10,000 रुपये, वर जीएसटी 1,800. पैसे आगाऊ दिले होते. फोनवर तीनदा बोलणं झालं आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर मिळालं, म्हणून आता लेखी.

ट्रॅक्टर इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट, मॉडेल 100. साठच्या दशकातला. वडिलांनी मुंबईत नोकरीला असताना लिलावात घेतला आणि ट्रकमधून गावी आणला. (हार्वेस्टर म्हटल्यावर आपल्या माणसाने त्याच कंपनीच्या जुन्या, मोठ्या बी-275 ट्रॅक्टरचा शाफ्ट समजून दर सांगितला होता, तो गोंधळ मीच निस्तरला.) हापूसच्या कलमांतून फिरायला याच्याएवढं सोयीचं दुसरं काही नाही. पुढे 10 अश्वशक्तीचं एका सिलिंडरचं इंजिन, मागे गिअरबॉक्स, मध्ये पट्टा नाही, सरळ पाच सुती (5/8 इंची) शाफ्ट. क्लचही त्याच शाफ्टवर. वेग कमी होतो तो मागे गिअरबॉक्समध्ये, म्हणजे इंजिन 3,600 फेऱ्यांवर असलं की शाफ्टही 3,600 वर.

खाऱ्या हवेने जुना शाफ्ट खड्डे पडून खराब झाला होता, पिनांची भोकं लांबोडी झाली होती. म्हणून ठरलं ते असं : व्यास तोच, पोलाद चांगलं, ग्राइंड केलेलं, क्लचच्या प्लेटा आणि स्प्रिंग बसवून दोन्ही टोकांना बॅलन्सिंग. नमुन्यासाठी जुना शाफ्ट आणि क्लचचा पूर्ण संच ट्रान्सपोर्टने पाठवला. त्याचे 640 रुपये माझेच.

नवा शाफ्ट बसवून पहिल्यांदा चालवला तेव्हा अर्ध्या थ्रॉटलपर्यंत सगळं ठीक होतं. त्यापुढे स्टिअरिंग हातात धरवेना, क्लचच्या पेडलवर पायाला मुंग्या. 20 मिनिटांत क्लचचं बेअरिंग हात लावू नये इतकं तापलं आणि मागच्या कपलिंगची पिन अर्धी बाहेर आली. आमचा गडी खाली वाकून बघतो तर म्हणाला, "काका, ह्यो तर फुगडी घालता!"

आपल्या फोरमननी निदान केलं की इंजिनच्या बैठकीचे बोल्ट ढिले पडले असतील. ते बोल्ट मी मे महिन्यातच बदलले आहेत. तरी शंका नको म्हणून गाडी न्यूट्रलला ठेवून पूर्ण थ्रॉटल दिला. थरथर होती. तसाच क्लच दाबून धरला, म्हणजे इंजिन त्याच वेगात आणि शाफ्ट सुटा. शाफ्टचा वेग उतरत गेला तशी थरथरही उतरली. पेडल सोडलं, पुन्हा सुरू. इंजिनचा दोष असता तर ते क्लच दाबल्यावर शहाण्यासारखं वागलं नसतं.

मग शाफ्ट काढून कुडाळच्या एमआयडीसीत एका जुन्या लेथवाल्यांकडे नेला. मापाची डायल लावून फिरवला तर मधोमध 0.45 मिलिमीटर फरक, म्हणजे शाफ्ट वाकडा, आणि पुढच्या पिनचं भोक केंद्रापासून जवळजवळ 1 मिलिमीटर सरकलेलं. एका टोकाला वेल्डिंगचा गोळा, वजन म्हणून. दुसऱ्या टोकाला काही नाही.

खरी गोष्ट कळली ती आपणच व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतून. बॅलन्सिंग मशीनवर शाफ्ट आहे, वेल्डिंगचा गोळाही दिसतो, पण पिनांची भोकंच नाहीत! म्हणजे आधी नुसता गज बॅलन्स केला, मग भोकं पाडली, मग क्लच चढवला. एकटा शाफ्ट किलोभराचा, सगळं मिळून 3 किलो. ज्या दोन किलोंमुळे तोल जायचा, ते बाजूला ठेवून तोल साधला. एवढ्या लांब शाफ्टला एका टोकाला गोळा चिकटवून भागतही नाही. दोन्ही टोकांचे दोष समोरासमोरच्या बाजूंना असले तर शाफ्ट जागेवर स्थिर राहतो आणि फिरायला लागला की डोलतो.

रिपोर्टवर लिहिलंय "बॅलन्स ओके". ओके म्हणजे किती? शेतीयंत्रांना आणि अशा शाफ्टना आयएसओचा जी 16 दर्जा धरतात, म्हणजे तोलात किती दोष चालेल त्याची मर्यादा. 3,600 फेऱ्यांना 3 किलोच्या संचाला त्या हिशेबाने साधारण 127 ग्रॅम-मिलिमीटर (दोषाचं वजन गुणिले केंद्रापासूनचं अंतर) चालतात, दोन्ही टोकं मिळून. 10 ग्रॅमचा दोष केंद्रापासून 20 मिलिमीटरवर राहिला तर 200 होतात, आणि शाफ्टला सेकंदात 60 वेळा सगळीकडून जवळजवळ 3 किलोचा हिसका बसतो. हा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केला. आपल्याकडे तर मशीन आहे.

ऐन बेणणीच्या दिवसांत गाडी उभी. गवत कमरेपर्यंत आलं, रोजावर माणसं लावून ग्रासकटरने काढून घेतलं. ते पैसे मी मागत नाही.

मागणं इतकंच. शाफ्ट आपल्या खर्चाने नेऊन नव्याने करावा : आधी सगळी भोकं, मग बाक 0.1 मिलिमीटरच्या आत, मग क्लचसकट दोन्ही टोकांना बॅलन्सिंग, आणि रिपोर्टवर उरलेला दोष आकड्यात. जमत नसेल तर 12,440 रुपये परत करावेत. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील त्रुटीची तक्रार सिंधुदुर्गच्या जिल्हा आयोगाकडे करेन. ग्राहक राहतो तिथेच ती करता येते, पुण्याला यायची गरज नाही.

आणि नमुन्याला दिलेला जुना शाफ्ट अजून आलेला नाही. खड्ड्यांचा असला तरी तो मूळचा आहे, आणि त्याच्यावर गाडी निदान चालत तरी होती. फोरमन म्हणाले, "बघतो." तो भंगारात गेला असेल तर तसं स्पष्ट लिहून कळवावं.

आपला,
एक बागायतदार ग्राहक

सोबत : बिल, ट्रान्सपोर्टची पावती, फोटोची प्रत, लेथवाल्यांनी लिहून दिलेली मापं