पुण्यातला सिनेमा साताऱ्याला कधी पोहोचणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चित्रपट महोत्सव म्हणजे गळ्यात ओळखपत्र अडकवून फिरणाऱ्या मूठभरांची चैन, सरकारने त्यावर पैसा घालवू नये, अशा आशयाचं एका वाचकाचं पत्र आपल्या सदरात वाचलं. त्या मूठभरांतली मी एक. साताऱ्यात राहते, शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली आणि दर वर्षी पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी धाकट्या बहिणीकडे मुक्काम टाकते. दिवसाला चार सिनेमे, मधल्या वेळेत रांगेत उभ्याउभ्या वडापाव, रात्री डोकं बधिर. चैन म्हणा हवं तर. पण पत्रलेखकाने महोत्सवाचं मुख्य काम लक्षात घेतलेलं दिसत नाही, म्हणून हा प्रपंच.

गावाकडे कर्ज काढायला गेलं की बँक पहिल्यांदा विचारते, जामीन कोण? दिग्दर्शक नवा, नट अनोळखी, गाणं एकही नाही, अशा चित्रपटाला वितरक हाच प्रश्न विचारतो. तिथे महोत्सव जामीन राहतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'चंच घ्या. चित्रपट तयार होण्याआधी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स निधीने त्याला हात दिला. २०१४ च्या सप्टेंबरात इटलीतल्या व्हेनिस महोत्सवात दोन पुरस्कार मिळाले, पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि १७ एप्रिल २०१५ ला तो आपल्याकडे लागला. न्यायालयातली तारीख-पे-तारीख इतक्या संथपणे दाखवणारा हा सिनेमा व्हेनिसच्या आधी कुणाला पडद्यावर लावावासा वाटला असता, असं मला तरी वाटत नाही. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१३ मध्ये मुंबईच्या मामी महोत्सवात गाजला आणि चार महिन्यांत राज्यभर लागला. २०२५ मध्ये तो मामी महोत्सव झालाच नाही. त्या वर्षी असा एखादा 'फँड्री' कुठे अडकून पडला असेल, ते कळायला मार्ग नाही.

आणि पडद्यावर दिसतो तो महोत्सव अर्धाच. गोव्यात इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या जोडीला २००७ पासून फिल्म बाजार भरतो. तिथे अर्धवट संकलित चित्रपट जाणकारांना दाखवून सल्ला घेतात, परदेशी महोत्सवांची माणसं नवं काय आहे ते बघून ठेवतात, एकाच्या पटकथेला दुसऱ्याचा पैसा मिळतो. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा व्हायचा, साधारण तसंच, फक्त वातानुकूलित. स्वतंत्रपणे सिनेमा करणाऱ्याला वर्षातून एकदा ही सगळी माणसं एका जागी भेटतात. एरवी त्यांच्या दारात कुणी उभंही करणार नाही.

इथवर मी महोत्सवांच्या बाजूची. पण एक गोष्ट मला खरंच खुपते.

प्रभातचा 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसला गेला आणि तिथल्या उत्तम चित्रपटांत गणला गेला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच्या आदल्याच वर्षी तो इथे प्रदर्शित झाला होता आणि लोकांनी डोक्यावर घेतला होता. आमचे आजोबा सांगायचे, बैलगाड्या जुंपून माणसं तुकाराम बघायला जायची. म्हणजे आधी देहूच्या वाटेवरच्या माणसाने पाहिला, मग इटलीने. आज हा क्रम उलटा झाला आहे. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ला बर्लिनमध्ये फेब्रुवारी २०१४ ला बक्षीस मिळालं आणि आपल्याला तो बघायला मिळाला जून २०१५ मध्ये. जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' विदर्भातल्या खेड्यात, मुलगी 'दाखवण्याच्या' कार्यक्रमावर बेतलेला. तो टोरंटोकरांनी सप्टेंबर २०२३ मध्ये पाहिला आणि विदर्भाने मार्च २०२५ मध्ये. दीड वर्ष! एवढ्या अवधीत त्या गावातल्या एखाद्या मुलीचं लग्न होऊन डोहाळजेवणही झालं असेल.

यात दिग्दर्शकांचा दोष मी काढत नाही. बऱ्याच मोठ्या महोत्सवांची अटच असते की चित्रपट आधी कुठे दाखवलेला नसावा. म्हणून एकाचा होकार-नकार येईपर्यंत थांबायचं, मग दुसरीकडे प्रवेशशुल्क भरायचं, पुन्हा थांबायचं. बक्षीस मिळालं तरी जाहिरातीला पैसा लागतो, वितरक शोधावा लागतो. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांच्या विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि १९ सप्टेंबरला तो इथे लागला, म्हणजे त्या मानाने लवकरच. (सनडान्स ज्यांच्यामुळे उभं राहिलं ते हॉलिवूडचे अभिनेते रॉबर्ट रेडफोर्ड त्याच्या तीनच दिवस आधी गेले. वर्तमानपत्रात दोन्ही बातम्या एकाच आठवड्यात वाचताना चमत्कारिक वाटलं.)

पण 'लागला' म्हणजे कुठे लागला? मध्यंतरी असाच एक गाजलेला मराठी चित्रपट जवळच्या एका मल्टिप्लेक्समध्ये आला. दिवसातून एकच खेळ, तोही दुपारी पावणेएकला. आम्ही चार मैत्रिणी रिक्षा करून गेलो, तर खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "काकू, सहाच तिकिटं गेलीत, शो कॅन्सल." पैसे परत मिळाले, समोसा खाऊन घरी आलो. मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्समध्ये चांगली वेळ द्या, असं सरकारने २०१५ मध्ये फर्मावलं होतं. आधी संध्याकाळ म्हणाले, मग ती वेळ दुपारी बारापासून धरायची ठरली. पावणेएक त्यात बसतं, तक्रार करायलाही जागा नाही.

म्हणून त्या वाचकाला आणि सरकारलाही माझं सांगणं आहे की महोत्सवाचा पैसा तोडू नका, महोत्सवाला एसटीत बसवा. पुण्याच्या महोत्सवात राज्य शासनाचा सहभाग आहे आणि त्यात मराठी चित्रपटांची वेगळी स्पर्धा असते. त्या चित्रपटांनी पुढच्या दीड-दोन महिन्यांत जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरावं, हे निवडीच्या वेळीच ठरवून टाकावं. साताऱ्यात शाहू कला मंदिर आहे, सांगलीत भावे नाट्यमंदिर आहे. आठवड्यातले मधले वार अशा नाट्यगृहांत बरेचदा अंधारच असतो. चांगला प्रोजेक्टर आणि पडदा भाड्याने आणता येतो. महोत्सवात सेन्सॉरच्या प्रमाणपत्राशिवाय सूट घेऊन दाखवता येतं, बाहेर लोकांना दाखवायचं तर प्रमाणपत्र लागतं, याची मला कल्पना आहे. ते आधी मिळवायला निर्मात्याला मदत करावी. खेळ फुकट मात्र ठेवू नये. फुकटच्या कार्यक्रमाला लोक येतात आणि मधूनच उठून जातात, हे मी शाळेच्या स्नेहसंमेलनात तीस वर्षं पाहिलं आहे. शंभर रुपये तिकीट लावावं, त्यातला ठरलेला वाटा निर्मात्याला द्यावा आणि खेळानंतर दिग्दर्शकाला अर्धा तास लोकांसमोर बसवावं. आमची माणसं विचारतील, "शेवट असा का केला?" पुण्यातही हाच प्रश्न विचारतात, फक्त इंग्रजीत.

हे जमणारं नाही असं म्हणणाऱ्यांनी केरळकडे बघावं. तिरुवनंतपुरमचा महोत्सव १९९६ पासून सरकारच्या बळावर चालू आहे, विद्यार्थी आणि नोकरदार रजा काढून त्याला रांगा लावतात आणि तिथल्या राज्य चित्रपट महामंडळाची स्वतःची चित्रपटगृहं आहेत. आपल्याकडे महोत्सवाच्या उद्घाटनाला सत्कारांत दीड तास जातो. एका वर्षी उद्घाटनाचा चित्रपट सुरू होईपर्यंत माझी बहीण झोपून गेली होती, तिला शेवटच्या श्रेयनामावलीला उठवलं.

तर साताऱ्यातला पहिला खेळ कधी ते कळवा. तिकीट खिडकीवर बसायला मी तयार आहे. शाळेच्या सहलींचे हिशेब माझ्याकडेच असायचे, एक रुपया कमी भरायचा नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा