जुळी वाढली म्हणजे प्रजननक्षमता वाढली असं नाही

मा. संपादक,

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत हल्ली जुळी बरीच दिसतात आणि ‘मुलं होत नाहीत म्हणतात, मग ही कुठून आली?’ असं हमखास ऐकू येतं. ठाण्यातल्या प्रसूतिगृहांत परिचारिका म्हणून माझी नोकरी झाली, म्हणून लिहिते आहे.

एकाच बीजापासूनची, सारख्या चेहऱ्याची जुळी जगात कुठेही हजार प्रसूतींमागे साधारण चारच. कमीजास्त होतात ती दोन बीजांची. एका पाळीत दोन बीजं सुटली, दोन्ही फळली आणि दोन्ही तगली, तरच ती जन्मतात. म्हणून अभ्यासक त्यांच्याकडे प्रजननक्षमतेची खूण म्हणून बघत आले.

पण वयाने गणित बदलतं. पस्तिशीच्या आसपास बीजकोशाला चालना देणारं संप्रेरक वाढतं, मग कधीकधी दोन बीजं एकदम सुटतात. म्हणजे ज्या वयात दिवस राहणं अवघड, त्याच वयात, राहिले तर, जुळ्यांची शक्यता अधिक! त्यात बीजं वाढवणारी इंजेक्शनं आणि आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर बीज फळवण्याच्या उपचारात, गर्भाशयात एकाहून जास्त गर्भ सोडणं. जगात १९८०-८५ मध्ये हजार प्रसूतींमागे सुमारे ९ जुळी होती, २०१०-१५ मध्ये १२ झाली, ती मुख्यतः यामुळे. शेजारणीला चाळिशीत जुळी झाली म्हणून निर्धास्त राहिलेल्या आणि नंतर ओपीडीत रडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. शेजारणीने किती उपचार घेतले, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

खरं चित्र महापालिकेला काढता येईल. जन्मनोंदणीत जुळ्यांतल्या प्रत्येक बाळाचा वेगळा फॉर्म भरून शेऱ्यात तसं लिहायचं असतं. आईचं वयही असतं. असे शेरे मी स्वतः लिहिले आहेत, पण त्यांची बेरीज कधी छापलेली पाहिली नाही. दरवर्षी किती जोड्या, त्यांत मुलगा-मुलगी अशा किती आणि आईचं वय, एवढं जाहीर व्हावं. मुलगा-मुलगी अशी मिश्र जोडी दोन बीजांचीच असते आणि दोन बीजांच्या जोड्यांत साधारण निम्म्या मिश्र असतात; म्हणून मिश्र जोड्यांची दुप्पट केली की दोन बीजांची जुळी अंदाजे कळतात. जर्मन डॉक्टर वाइनबर्ग यांनी १९०१ मध्ये सांगितलेली ही रीत साधी आहे. उपचारांनंतरच्या प्रसूतींचा आकडा प्रसूतिगृहांनी नावं न देता कळवावा. तो वजा करून तिशीखालच्या आयांची जुळी मोजली, तरच ठाण्यातल्या तरुण जोडप्यांबद्दल काही सांगता येईल.

– एक निवृत्त परिचारिका, ठाणे (प.)